धूर, माशी आणि हिराबायचा भोपळा

पहिलं नाव फणसे साहेबांचं घेतो. शरद फणसे, नौपाड्यातल्या आमच्या लहानशा पेस्ट कंट्रोल फर्मचे मालक. मुरबाडच्या शाळेने मला अक्षरं दिली आणि कल्याणच्या कॉलेजने प्राणिशास्त्राची पदवी दिली. त्या पदवीचं करायचं काय, हे मात्र साहेबांनी शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. निकालाच्या दिवशी वडिलांनी माझी गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "याच्यात नोकरी कुठं लिवलीय?" त्यांची काही चूक नव्हती. मलाही ती दिसत नव्हती.

साहेबांनी मुलाखतीत पहिला प्रश्न इंग्रजीत विचारला. मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मराठीत विचारलं, "झुरळ अन्नाशिवाय किती दिवस जगतं?"

"महिनाभर, सर."

"आणि पाण्याशिवाय?"

"आठवडाभर."

"मग झुरळं मारायला गेलास तर आधी काय बंद करशील?"

"गळका नळ."

"उद्यापासून ये," साहेब म्हणाले. तेव्हापासून मी जातोच आहे. पंचवीस वर्षं होऊन गेली.

आमच्या धंद्याविषयी लोकांचा समज असा, की पाठीला पंप लावायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि दिसेल त्याच्यावर फवारायचं. असं काम करणारे आहेत आणि त्यांना कामही भरपूर मिळतं. साहेबांची पद्धत वेगळी होती. पहिली पंधरा मिनिटं पंप गाडीतून काढायचाच नाही. ग्राहकाच्या घरात नुसतं उभं राहून बघायचं. कोण कुठून येतं, कशासाठी येतं, कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या मागोमाग चालतं. ग्राहक वैतागतात. "अहो, तुम्ही सुरू कधी करणार?" म्हणतात. साहेब म्हणायचे, "ग्राहक आपल्याला एका किड्याचं नाव सांगतो. पण किडा कधी एकटा राहत नाही. त्याचं बिऱ्हाड शोध, त्याचे शेजारी शोध. मग कदाचित मारायची वेळच येणार नाही."

हे ऐकायला सोपं वाटतं. पदवीच्या पुस्तकात सहजीवन, परजीवी, भक्षक असे शब्द मी पाठ केले होते आणि त्यांवर मार्कही मिळवले होते. ते शब्द चालताना, भांडताना, दूध काढताना पाहिले ते नौपाड्यातल्या बाल्कन्यांमध्ये.

दूध काढताना असं मी मुद्दाम म्हटलं. एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या बाल्कनीत जास्वंद होती. बाई फोनवर म्हणाल्या, "देवाला वाहायची फुलं आणि त्यांच्यावर मुंग्या! सगळ्या मारून टाका." मी पंधरा मिनिटं उभा राहिलो. मुंग्या फुलाकडे जातच नव्हत्या. त्या कोवळ्या शेंड्यावरच्या माव्याकडे जात होत्या. मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारे टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे किडे. मुंगी आपल्या मिशांनी माव्याच्या पाठीवर हळूच थापटते, मग मावा गोड थेंब सोडतो आणि मुंगी तो पिते. त्या बदल्यात ती माव्याची राखण करते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा खायला आला, तर चार मुंग्या मिळून त्याला ढकलून देतात.

मी बाईंना बोलावून भिंगातून दाखवलं. "बाई, या मुंग्या चोर नाहीत. गवळी आहेत."

"म्हणजे माझ्या जास्वंदीवर गोठा काढलाय?"

"हो. गाई धुऊन काढल्या की गवळी आपोआप जातील."

साबणाच्या पाण्याने शेंडे धुतले, मुंग्या गेल्या. पंप वर आणावाच लागला नाही. पुढे कित्येक रविवारी बाईंचा फोन यायचा. तक्रार नसायची, बातमी असायची. "आज ढालवाले तिघं आले होते हो. गवळ्यांची धांदल उडाली अगदी!" असा ग्राहक मिळाला की वाटतं, आपणही थोडेफार शिक्षक झालो.

टेंभी नाक्याजवळच्या एका घरात कुंभारणीवरून बापलेकांचं भांडण चाललं होतं. कुंभारीण म्हणजे भिंतीवर मातीचं घर बांधणारी माशी. मुलगा म्हणत होता, नवीन रंग दिलाय, पाडून टाका. वडील दाराच्या चौकटीला हात लावून उभे. "हात लावायचा नाही. कुंभारणीने घर केलं की घरात पाळणा हलतो. सूनबाईला सातवा आहे." वडील हौशी कीर्तनकार होते. कुंभारीण अळीला घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते, हा दृष्टांत ते जन्मभर सांगत आले होते. मी तरुण होतो आणि पदवी नवी होती. मी खरं सांगून टाकलं. कुंभारीण अळीला नांगी मारून बधिर करते, मेली तर ती सडेल म्हणून जिवंत ठेवते, तिच्या शेजारी अंडं घालते आणि दार लिंपते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. बाहेर पडते ती नवीन कुंभारीण, अळी नव्हे.

वडिलांनी चौकटीवरचा हात काढला. "म्हणजे माझा चाळीस वर्षांचा दृष्टांत गेला की हो!" मग म्हणाले, "पण पोराच्या जेवणाची सोय करून आई निघून जाते, एवढं खरं ना?"

"खरं आहे."

"मग राहू दे घर."

मुलानेही वाद सोडला. तोंडातल्या तोंडात "अळीला विचारा काय ते" एवढंच म्हणाला.

या धंद्यात शरमेच्या गोष्टीही आहेत. त्यांतली सर्वांत मोठी आता सांगतो. बाकीचं सगळं या एका गोष्टीकडे यावं म्हणूनच लिहिलं.

साहेबांचे गुडघे दुखायला लागल्यावर ते नौपाड्याच्या ऑफिसात बसू लागले आणि कल्याण-डोंबिवलीकडची सगळी कामं त्यांनी माझ्यावर सोपवली. डोंबिवलीच्या पूर्वेला, शीळ रस्त्याच्या आतल्या बाजूला, एक सहा टॉवरांचं संकुल उभं राहिलं आहे. तिथले चेअरमन म्हणजे फणसे साहेबांच्या शाळासोबत्याचे चिरंजीव. आदल्या पावसाळ्यात तिथली दोन मुलं डेंग्यूने आजारी पडली होती. चेअरमन ठाण्याला जाऊन साहेबांना भेटले. यंदा डास होऊ देणार नाही, असा साहेबांनी त्यांना शब्द दिला. पावसाळ्यात दर सोमवारी आणि गुरुवारी आवारात धूर करायचा असं ठरलं. संध्याकाळी मुलं खाली खेळतात, म्हणून वेळ सकाळची साडेसहाची ठरली.

डास मारायला ती वेळ वाईट नव्हती. साहेबांचं काम, साहेबांच्या ओळखीचे लोक, साहेबांनी ठरवलेली वेळ. मी पंधरा मिनिटं उभा राहिलो नाही. भिंतीपलीकडे काय आहे हे पाहिलं नाही. पहिल्याच सोमवारी मशीन चालू केलं आणि पांढरा धूर घेऊन आवाराला फेरी मारली. वरून लोक मोबाइलवर फोटो काढत होते. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

असे पाच आठवडे गेले. एका गुरुवारी मी मशीन बंद करून हात धूत होतो, तेव्हा फाटकाशी गलका झाला. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, नाकात मोठी नथणी, हातात विळा अशी एक म्हातारी वॉचमनला बाजूला सारून आत आली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"तूच कं रं तो धूरवाला?"

"हो, आजी."

"आजी नको बोलू. हिराबाय बोलतान मना. माजा भोपला मारलास तू."

मी समजावलं, की हे औषध वनस्पतींना काही करत नाही, आणि आम्ही भिंतीच्या आतच धूर करतो.

"भोपल्याला नाय रं करत. माशीला करते. माशी नाय आली तं भोपला धरल कसा? तुजी बायको एकलीच पोरा करते कं?"

दोन्ही वॉचमन भिंतीकडे तोंड करून हसू लागले. हिराबायने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती शिकलायस?"

"बी.एस्सी."

"त्यान माशी नव्हती?"

होती. माशी होती, फूल होतं, परागीभवनाची आकृती होती, आणि ती आकृती मी रंगीत पेन्सिलींनी काढली होती. तिच्या मागोमाग भिंतीपलीकडे गेलो.

हिराबायचं घराणं तिथलं जुनं, आगरी. भाताची जमीन टॉवरांत गेली. मुलांनी गावातच बंगले बांधले. तिने मात्र विहिरीभोवतीचे चार गुंठे कुणाला दिले नाहीत. "पोरा बोलतान, आये, भाजी बाजारान मिलते. मी बोलते, मिलते तं खा." तिथे ती भेंडी, शिराळी, काकडी लावते. मांडवाखालच्या जमिनीवर भोपळ्याचे वेल पसरलेले होते. हा तिच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेला भोपळा. बुटका, खोल फाकांचा, आतून शेंदरी. दर वर्षी एक भोपळा बियांसाठी ठेवायचा, त्याचं बी राखेत घालून डब्यात ठेवायचं. गेल्या वर्षी डब्यात पाणी शिरलं आणि निम्म्याहून जास्त बी बुरशीने गेलं. उरलेलं सगळं तिने यंदा लावलं होतं.

"सगलाच लावला?" मी तिच्यासारखंच विचारून बसलो.

"मंग ठेवून काय करू? जुना बी उगवत नाय. यंदा एक जरी धरला तं बी हाय. नाय धरला तं संपला."

मी खाली बसलो. भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल लांब, सडसडीत देठावर असतं. मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा आधीच असतो, पण तो नुसता वायदा असतो. नर फुलातले चिकट पराग कुणीतरी मादी फुलात आणून टाकले, तरच तो वाढतो. नाहीतर चार दिवसांत पिवळा पडून गळतो. हे पराग वाऱ्याने उडत नाहीत, इतके जड असतात. माशीच हवी. आणि फूल पहाटे उघडतं ते दहाच्या आत मिटतं, पुन्हा उघडत नाही. म्हणजे आयुष्यातली एकच सकाळ. बरोबर त्याच वेळी मी भिंतीपलीकडून धूर सोडत होतो आणि वारा खाडीकडून तिच्या वाडीवर येत होता.

मी एक नर फूल उघडून पाहिलं. आत दोन मधमाश्या मरून पडल्या होत्या, अंगभर पिवळे पराग माखलेल्या. कामावर निघालेल्या असाव्यात. वेलाखाली गळलेले इवले भोपळे पडले होते. ते मी मोजले नाहीत. मोजावेसे वाटले नाहीत.

"माश्या राहतात कुठे?" मी विचारलं.

तिने विहिरीकडे बोट दाखवलं. विहिरीच्या दगडी कपारीत सातेरी मधमाश्यांचं घर होतं. पूर्वी कळशी सोडताना त्यांचा गुणगुणाट ऐकू यायचा म्हणे. त्या दिवशी कपारीच्या तोंडाशी पाच-सात माश्या कशाबशा ये-जा करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिच्या वाडीवर हजर झालो. नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्याचा पिवळा दांडा मादी फुलात हळूच फिरवायचा. हे माणसालाही करता येतं. हिराबाय कमरेवर हात ठेवून बघत होती. गावात ती धवलारीण म्हणून ओळखली जाते. आगरी लग्नांत धवले गाऊन लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण. पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांची लग्नं तिने लावली आहेत.

"इतकी लगना लावली," ती म्हणाली, "पर नवरा कपडे कारून हातान धरून नेताना आजच बगला."

मी हसलो. पराग सांडत होते.

"हलू, हलू. पयलीच लगना दिसतात तुजी." आणि मग ती खरोखरच धवला गुणगुणू लागली. मी शब्द लिहून घेऊ का विचारलं, तर म्हणाली, "ते लगनान आयकाचे. कागदाव नाय लिवाचे."

दहा मिनिटांत मी तीन फुलं उरकली. मग कपारीतून सुटलेली एक सातेरी माशी आली. तेवढ्या वेळात तिने भोपळ्याची दोन, काकडीची चार आणि शिराळ्याच्या न मिटलेल्या एका फुलाची फेरी पुरी केली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. भोपळ्याच्या वंशाची तिला काही पडलेली नव्हती. तिला आपल्या पिल्लांसाठी पराग हवे होते, भोपळ्याला कुणाचे तरी पाय हवे होते. दोघंही आपापला स्वार्थ बघत होते आणि त्यातून हिराबायच्या सासूचं बी इतकी वर्षं टिकलं होतं. मी आयुष्यभर किडे मारून पोट भरलं आहे. त्या सकाळी त्या माशीपुढे मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

चेअरमनना जाऊन भेटलो. माणूस वाईट नव्हता. "भाऊ, मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही," ते म्हणाले. "पण इथे मीटिंगमध्ये लोक मला फाडून खातील. धूर दिसला की लोकांना काम झालंसं वाटतं. आणि फणसे काकांनी शब्द दिलाय. तुम्ही त्यांच्याशी बोला ना."

मी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. साहेब म्हणाले,

"दत्ता, गेल्या वर्षी त्या पोरांना सलाइन लागलं होतं. मी बघायला गेलो होतो. एका पारड्यात सहा टॉवरांतली पोरं आणि एका पारड्यात भोपळे. तूच तराजू धर."

"संध्याकाळी करू या ना, साहेब."

"संध्याकाळी मुलं खाली असतात. त्यांच्या नाकात घालू धूर? मी शब्द दिलाय. सोमवारी साडेसहाला धूर निघाला पाहिजे."

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. हीच अडचण होती. त्यांच्यासमोर मी कधी 'नाही' हा शब्द उच्चारलेला नाही. तो उच्चारायला लागणारी जीभच माझ्याकडे नव्हती. म्हणून मी त्याहून वाईट गोष्ट केली. सोमवारी सकाळी फोन करून सांगितलं, "साहेब, मशीन बिघडलंय. आतला रबरी पडदा फाटलाय." गुरुवारी सांगितलं, की सुटा भाग मिळत नाही. पुढच्या सोमवारी सांगितलं, की मिळाला तो बसत नाही. मशीन गाडीत धडधाकट होतं. ज्या माणसाने मला किड्याशीसुद्धा खरं वागायला शिकवलं, त्याच्याशी मी तीनदा खोटं बोललो.

त्या दिवसांत मी रोज सकाळी दोन कामं केली. सहा ते आठ वाडीवर, आणि आठनंतर बॅटरी आणि साचलेलं पाणी तपासायची पळी घेऊन संकुलाच्या पोटात. तिथे जे पाहिलं ते खाली पत्रात आहे. शेवटी एका बुधवारी मी पत्र लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं. व्हॉट्सॲपवर लिहून निळ्या खुणांची वाट बघत बसण्याची माझी छाती नव्हती.

पत्राला उत्तर आलं नाही, साहेब स्वतः आले. काठी टेकत वाडीवर आले आणि हिराबायशी तासभर बोलले. काय बोलले ते छापायला त्यांनी परवानगी दिलेली नाही. पत्र छापायला मात्र हरकत घेतली नाही. फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका लाल शाईने सुधारून दिल्या. ते पत्र हे.

*

आदरणीय साहेब,

सा. न. वि. वि.

मशीन बिघडलेलं नाही. कधीच बिघडलं नव्हतं. तीनही वेळा मी आपल्याशी खोटं बोललो. हे पहिल्याच ओळीत लिहितो आहे, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते आपल्याला ठरवता येईल.

आपण तराजू धरायला सांगितलात. मी तो धरायचा प्रयत्न केला. दहा दिवस मी संकुलातले डास कुठून येतात ते शोधत होतो. आवारातल्या झाडीत आणि कुंड्यांत फारसं काही नाही. डासांची पैदास तळघरात आहे. तिसऱ्या आणि चौथ्या टॉवरच्या लिफ्टच्या खड्ड्यांत घोटाभर पाणी साचलेलं आहे आणि पळीभर पाण्यात मोजता येणार नाहीत इतक्या अळ्या आहेत. गच्चीवरच्या एका टाकीचं झाकण तुटलेलं आहे. शोभेच्या हौदाचं कारंजं बंद आहे. आपला धूर यांतल्या एकाही जागी पोहोचत नव्हता. तो वर बागेत फिरत होता. तिथे डास खाणारे चतुर होते, ते पाच आठवड्यांत दिसेनासे झाले. म्हणजे आपण डासांचं पाळणाघर सोडून त्यांच्या शत्रूंना मारत होतो. हे काम मी केलं. वेळ आपण ठरवलीत, पण मशीन माझ्या हातात होतं आणि बघायचं काम माझं होतं.

दोन्ही खड्डे मोटर लावून उपसून घेतले आहेत. पाणी कुठून झिरपतं ते प्लंबरने शोधलं आहे. टाकीला नवीन झाकण बसलं. हौदात गप्पी मासे सोडले, ते अळ्या खातात. काल पुन्हा पळी घेऊन सगळीकडे फिरलो, जिवंत अळी कुठे मिळाली नाही. उद्या मिळणार नाही असं म्हणत नाही. पावसाळा संपेपर्यंत दर तीन दिवसांनी मी स्वतः फिरेन. चेअरमनना काल तळघरात नेऊन सगळं दाखवलं. ते म्हणाले, लोकांना धूर दिसत नाही म्हणून ओरड होणार. मी म्हटलं, त्यांना खाली आणा, मी अळ्या दाखवतो. अळ्या बाटलीत भरून ठेवल्या आहेत. कुणी आजारी पडलं, तर तो दोष माझा. असं मी त्यांना लिहून दिलं आहे, फर्मच्या कागदावर नव्हे, साध्या कागदावर.

उद्या आणि सोमवारीही मी मशीन सुरू करणार नाही. आपण दुसऱ्या कुणाला पाठवलंत तर मी त्याला अडवणार नाही, पण आधी त्याला भिंतीपलीकडे नेईन. आपण मला कामावरून कमी केलंत तर तेही मला मान्य आहे. आपला शब्द माझ्यामुळे मोडला. त्याची माफी मागतो. तो मोडला याचं मात्र मला वाईट वाटत नाही, आणि हे लिहिताना फार जड जातं आहे, कारण आजवर मी आपल्याला असं काही म्हटलेलं नाही.

आता वाडीचं. मी हाताने पराग लावलेल्या प्रत्येक मादी फुलाच्या देठाला लाल दोरा बांधत होतो, म्हणजे कुठलं लावलं, कुठलं राहिलं ते कळावं. पाच धरले आहेत, सर्वांत मोठा नारळाएवढा झाला आहे. बाकीचे माझ्या अडाणी हातामुळे गळाले. विहिरीच्या कपारीतल्या माश्या हळूहळू वाढत आहेत. काल हिराबायने मला विहिरीच्या बाजूच्या वेलाखाली नेलं आणि पान बाजूला सारून एक सहावा भोपळा दाखवला. लिंबाएवढा, टणक, हिरवागार. मी देठ नीट फिरवून पाहिला. त्याला दोरा नव्हता.

हिराबाय म्हणाली, "तुजे पाच आपन खाऊ. बी याचाच ठेवाचा."

आपला,
दत्ता